भाजलेली कोंबडी, डाळिंबाचा लेप आणि साखरेचा हिशेब

पाकशास्त्राचा पाठ शाळेच्या वार्षिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, रसायन, गणित व आरोग्यशास्त्र या तिन्ही विषयांचे तास एकाच चुलीपुढें बसून होतात, असें दुसरें ठिकाण आम्हांस ठाऊक नाहीं. शिवाय या पाठास एक निमित्तहि घडलें. तें प्रथम सांगतों.

प्रवरेच्या कांठीं, नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हार हें गांव आहे. नदीच्या एका तीरास कोल्हार बुद्रुक व दुसऱ्या तीरास कोल्हार खुर्द. तेथें आमच्या मामांची थोडी शेती आहे. मामांस मधुमेह जडल्यास बरींच वर्षें झालीं. भात, साखर, गूळ यांस आळा घालावा, मांस, अंडीं व पालेभाज्या यांस हरकत नाहीं, असें डॉक्टरांनीं त्यांस सांगून ठेविलें आहे. मामांस कोंबडी प्रिय. परंतु तोच तो झणझणीत रस्सा खाऊन ते कंटाळले होते. एका दिवाळीच्या सुटींत आम्ही तेथें गेलों असतां त्यांस कांहीं नवें करून खाऊं घालावें असें आमच्या मनांत आलें. भाजलेल्या पक्ष्यावर फळांच्या रसाचा चकचकीत लेप देण्याची चाल परदेशांत आहे, हें आम्हीं वाचलें होतें; फ्रान्सांत बदकास संत्र्याची जोड देतात, इराणांत कोंबडी किंवा बदक डाळिंबाच्या रसांत अक्रोड घालून शिजवितात. घरच्या मळ्यांत डाळिंबाचीं झाडें होतीं, अंगणांत कोंबड्या होत्या. मग उणें काय?

आम्हीं अर्धा लिटर डाळिंबाचा रस काढला, त्यांत 50 ग्रॅम गूळ टाकला, तो आटवून मधासारखा दाट केला आणि भाजलेल्या कोंबडीस चोपडला. दिसावयास ती राजाच्या ताटांत शोभेल अशी दिसली. पानावर बसतांना मामांनीं विचारलें, "अरे, यांत गोड किती आहे?" आम्हीं छातीठोकपणें उत्तर दिलें, "मामा, फळाचीच गोडी आहे. गूळ नांवाला घातला, तोहि आटून गेला." जेवणानंतर दोन तासांनीं मामींनीं त्यांचें बोट टोंचून यंत्रावर रक्तांतील साखर पाहिली, आणि मग आमच्याकडे जें पाहिलें, तें आम्ही सहसा विसरणार नाहीं.

"आटून गेला" या दोन शब्दांत आमची सगळी चूक होती. नवल असें कीं, ही चूक अशा मुलुखांत घडली, जेथल्या लहान पोरासहि तिचें उत्तर ठाऊक असावें. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें. पाटाचें पाणी या भागांत खेळूं लागलें. जेथें ज्वारी-बाजरी होत असे, तेथें ऊंस उभा राहिला. पुढें कोल्हारपासून जवळच, लोणीस, सहकारी साखर कारखाना निघाला व 1950-51 च्या हंगामांत त्यानें गाळप सुरू केलें. पण कारखाना नसतांना हा ऊंस कोठें जात असे? गुऱ्हाळांत. चरकांतून निघालेला रस काहिलींत ओतावा, खालीं चिपाडांचा जाळ लावावा, वर येणारी मळी काढीत जावें. रसाची काकवी होते, काकवीचा गूळ होतो. 100 किलो रसांतून 18 ते 20 किलोंच्या आसपास गूळ उतरतो. बाकीचें पाणी वाफ होऊन आकाशांत गेलें. आतां असें कोणी म्हणेल काय कीं, रस आटला म्हणून त्यांतली गोडी आटली? उलट, ती गोडी एवढ्याशा ढेपेंत येऊन बसली. आमचें पातेलें म्हणजे डाळिंबाचें लहानसें गुऱ्हाळच होतें, आणि गुऱ्हाळाच्या मुलुखांत उभे राहून आम्ही मामांस सांगत होतों कीं, साखर उडून गेली!

आतां हिशेब मांडूं. डाळिंबाच्या 100 मिलिलिटर रसांत सुमारें 13 ग्रॅम साखर असते. अर्ध्या लिटरांत ती 65 ग्रॅम झाली. गूळ हा बहुतांश साखरच असल्यामुळें 50 ग्रॅम गुळाची सुमारें 45 ग्रॅम धरावी. एकूण 110. जेवणारे आम्ही पांच जण. म्हणजे लेप सर्वांस सारखा वांटला असे मानलें तरी प्रत्येकाच्या पानांत 22 ग्रॅम साखर पडली. चहाच्या चमच्यानें मोजावयाची तर पांचांहून अधिक चमचे. आपल्या चहांत अर्धा चमचा साखर चुकून पडली तर ज्या मामी कप परत पाठवितात, त्यांच्याच घरांत हा प्रकार झाला.

येथें एका लोकभ्रमाचाहि समाचार घेणें अवश्य आहे. फळाची साखर ती साखर नव्हे, मध तो औषधी, गूळ तर देशी, अशी पुष्कळांची समजूत असते. झाडावरचें फळ दांतांनीं चावून खाल्लें म्हणजे त्यांतील चोथा साखरेचा वेग आवरतो, आणि एका बैठकींत माणूस खातो तरी किती? परंतु चार-पांच फळांचा रस पिळून, चोथा फेंकून, वर तो आटविला, म्हणजे निसर्गानें घातलेले दोन्ही बांध आपण फोडले. मग रक्तांत शिरणाऱ्या साखरेस ती झाडावरून आली कीं कारखान्यांतून आली, हें कोणी विचारीत नाहीं.

मधुमेह्यास मांस द्यावें व पिष्टमय पदार्थ आवरावे, ही कल्पना मात्र कालपरवांची नव्हे. ज्यांस आपल्या पाठ्यपुस्तकांत कर्बोदकें म्हणतात, तीं म्हणजे धान्यांतील पिष्ट व फळांतील, उंसांतील आणि दुधांतील शर्करा. हीं कमी करावीं, हेंच या आहाराचें सूत्र. चरकसंहितेंत प्रमेहाच्या चिकित्सेंत पायांनीं जमीन उकरून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचा, म्हणजे विष्किर वर्गाचा, मांसरस सांगितला आहे, आणि आपली कोंबडी याच वर्गांत मोडते. मात्र त्याबरोबर जवाचें अन्नहि सांगितलें आहे, तेव्हां प्राचीनांनीं धान्य अजिबात सोडविलें होतें असा बोभाटा कोणी करूं नये. युरोपांत जॉन रोलो नांवाच्या सैन्यांतील वैद्यानें 1797 सालीं आपल्या एका मधुमेही रोग्यास मुख्यतः मांसावर ठेविल्याची हकीकत छापली. पुढें अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन याच्या पद्धतीनें रोग्यांस जवळजवळ उपाशी ठेवूं लागले. त्यानें आयुष्य थोडें लांबे, परंतु माणूस हाडांचा सांपळा होई. 1921 सालीं टोरोंटो येथें इन्सुलिनाचा शोध लागला, 1922 च्या जानेवारींत तें प्रथम एका 14 वर्षांच्या मुलास टोंचलें, आणि उपासमारीची ती पद्धत मागें पडली. आहाराचें महत्त्व मात्र कमी झालें नाहीं.

आतां कोंबडीकडे वळूं. शिजलेल्या कोंबडीच्या 100 ग्रॅम नुसत्या मांसांत 25 ते 30 ग्रॅम प्रथिन असतें आणि कर्बोदक जवळजवळ नाहीं म्हटलें तरी चालेल. म्हणून आहाराच्या हिशेबांत कोंबडी हा कोरा कागद आहे. त्यावर काय लिहावयाचें तें आपल्या हातीं. कणकेंत घोळून तळली कीं एक मजकूर झाला, गुळाचा लेप दिला कीं दुसरा.

भाजणें आणि उकडणें यांत भेद कोणता? पाणी 100 अंशांवर उकळतें, आणि पृष्ठभाग ओला आहे तोंवर त्याची उष्णता त्यापुढें जात नाहीं. मांसास जो तांबूस रंग व खमंग वास येतो, तो साधारण 140 अंशांच्या पुढें, मांसांतील प्रथिनांचे घटक व अल्पशी शर्करा यांच्या संयोगानें येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मैलार यानें 1912 सालीं या क्रियेचें वर्णन केलें, म्हणून ती त्याच्या नांवानें ओळखली जाते. यांतून स्वैंपाकाचा पहिला नियम निघतो: कोंबडी कोरडी करा. मीठ चोळून ती तीन-चार तास थंड जागीं, शक्य तर शीतपेटींत, उघडी ठेवावी व चुलीवर चढविण्यापूर्वीं स्वच्छ फडक्यानें टिपून घ्यावी. आपल्याकडे दुकानदार कोंबडी सोलून देतो. त्यास आधींच सांगून पिसें तेवढीं काढलेली, कातडीसकट कोंबडी मागावी. कारण आंतल्या मांसाचा ओलावा राखणारें तें पांघरूण आहे. सोललेलीच मिळाली तर तेलाचा पातळ हात द्यावा आणि वेळ थोडा कमी धरावा.

दुसरा नियम साखरेच्या स्वभावांतून निघतो. डाळिंबांत मुख्यतः द्राक्षशर्करा व फलशर्करा असतात. उंसाची साखर 160 अंशांच्या पुढें करपूं लागते. फलशर्करा त्याच्या पुष्कळ आधीं, 110 अंशांच्या सुमारास, रंग पालटूं लागते. म्हणून फळाचा लेप आरंभीं दिला तर बाहेरून कोळसा व आंतून कच्चें मांस असा देखावा होतो. लेप शेवटच्या 10 मिनिटांतच द्यावा, आधीं नाहीं. एकदां आम्हीं घाई केली आणि सारें घर धुरानें भरलें. त्याचें वर्णन मामींच्या शब्दांत न दिलेलें बरें.

मग थोड्या साखरेंत लेपास दाटपणा व चकाकी आणावी कशी? खरा अभ्यास येथें आहे. आटविल्यानें दाटपणा येतो, पण तो साखरेच्या जोरावर. साखरेवांचून दाटपणा देणारा कांहींतरी गर हवा. त्याचें उत्तर राहात्याच्या बाजारांत सांपडलें. राहात्याचे पेरू प्रसिद्ध आहेत. पेरूच्या 100 ग्रॅम गरांत साखर सुमारें 9 ग्रॅम असते, आणि 5 ग्रॅमांवर चोथा असतो. पिकलेला पेरू वाफवून, कुसकरून, बिया राहतील अशा चाळणींतून गाळला म्हणजे जो लगदा मिळतो, तो आटविल्यावांचूनच कोंबडीवर धरून राहतो. रंग व आंबटपणा डाळिंबाचा, अंग पेरूचें. डाळिंब कोणतें घ्यावें, याविषयीं आमचा आग्रह नाहीं. 'गणेश' हा जुना वाण पुण्याच्या गणेशखिंडींतील संशोधन केंद्रांत चीमा यांनीं 1936 सालीं निवडला. 'भगवा' हा राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें 2003-04 सालीं प्रसारित केला आणि आज बहुतेक बागांत तोच दिसतो. गणेशाचे दाणे फिकट, भगव्याचे लाल. लेपास रंग हवा म्हणून भगवा बरा. पण तो गोड असल्यामुळें त्यास लिंबाची जोड लागते. आंबट गांवठी डाळिंब मिळालें तर तें सर्वांत उत्तम, कारण मांसाच्या स्निग्धपणास आंबटपणाच छेद देतो, गोडी नव्हे.

पांच जणांकरितां सव्वा ते दीड किलोची एक कोंबडी घ्यावी. वर सांगितल्याप्रमाणें ती मीठ लावून सुकवावी. मग आलें, लसूण, मिरें व थोडी हळद वांटून चोळावी, पोटांत एक चिरलेलें लिंबू ठेवावें आणि पाय सुतळीनें बांधावे. ओव्हन असेल तर 190 ते 200 अंशांवर तास-सव्वा तास लागतो. नसेल तर जाड बुडाचें मोठें पातेलें घ्यावें, तळाशीं बोटभर कोरडी वाळू पसरून तीवर लोखंडी कडें ठेवावें, कड्यावर थाळींत कोंबडी, वर घट्ट झांकण, आणि झांकणावर निखारे. जुन्या बायका नानकटाई याच रीतीनें भाजीत. खालचा जाळ मंद व वरचे निखारे फुललेले असावे. गावरान कोंबडा जुना असेल तर आधीं अर्धा तास वाफवून घेतल्याखेरीज त्यास भाजण्याचा हट्ट धरूं नये. दांतांची परीक्षा होते, एवढेंच फळ.

कोंबडी भाजत असतां लेप करावा. 60 मिलिलिटर, म्हणजे सुमारें पाव कप, डाळिंबाचा रस. 60 ग्रॅम गाळलेला पेरूचा गर. एका लिंबाचा रस. चिमूटभर मीठ, चिमूटभर दालचिनी, आणि आवडत असल्यास कुटलेली सुकी मिरची. हें सर्व मंद आंचेवर पांच-सहा मिनिटें ढवळून एकजीव करावें. गूळ नाहीं, मध नाहीं. मग लेपाचे दोन भाग करून दोन वाट्यांत ठेवावे: एक चुलीजवळ चोपडण्यासाठीं, दुसरा पानांत वाढण्यासाठीं. कच्च्या मांसास लागलेली कुंची वाढावयाच्या वाटींत बुडवूं नये, म्हणून ही सावधगिरी. कोंबडी होत आली म्हणजे दोनदां, पांच-पांच मिनिटांच्या अंतरानें, पातळ हात द्यावा. शिजली कीं नाहीं हें पाहण्यास मांडीच्या सर्वांत जाड भागांत सुरीचें टोंक खुपसावें. निघणारा रस स्वच्छ असावा, तांबूस नसावा. उष्णतामापक असेल तर आंतील मांस 74 अंशांवर गेलेलें असावें. उतरविल्यावर 10 मिनिटें तशीच ठेवून मग कापावी, नाहींतर आंतला सगळा रस परातींत वाहून जातो.

या लेपाचा हिशेब असा: डाळिंबाची साखर 8 ग्रॅम, पेरूची 5 ते 6, लिंबाची नगण्य. एकूण 14 ग्रॅमांच्या आंत, आणि पांच पानांत वांटली कीं प्रत्येकीं 3 ग्रॅमांहून कमी. पहिल्या खेपेचे 22 आठवावे.

पण हिशेबाची वही येथेंच मिटली तर आम्हीं लबाडी केली असें होईल. पहिल्या रात्रीं मामांनीं त्या कोंबडीबरोबर ज्वारीच्या दोन भाकरीहि खाल्ल्या होत्या, ही गोष्ट आम्हीं आतांपर्यंत सांगितली नाहीं. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठांत सुमारें 70 ग्रॅम कर्बोदक असतें. एका भाकरीस 60 ग्रॅम पीठ धरलें तर एकीचीं सुमारें 40, दोहोंचीं 80. म्हणजे यंत्रानें जो आंकडा दाखविला, त्यांत आमच्या लेपाचा वांटा होताच, आणि रसांतील सुटी साखर भाकरीच्या पिष्टापेक्षां लवकर अंगीं लागते हेंहि खरें. परंतु मोठा वांटा भाकरीचा होता, जिच्याकडे त्या घरांत कोणी बोट दाखवीत नसे. गोड चवीचा पदार्थ आपण संशयानें पाहतों आणि भाकरीस गोड लागत नाहीं म्हणून सोडून देतों. लेप कमी करून भाकरी तेवढीच ठेविली, तर तो साखरेचा आहार होत नाहीं इतकेंच. कमी कर्बोदकांचा आहार होत नाहीं. बरोबर वांग्याचें भरीत, मेथीची परतलेली भाजी, काकडीची कोशिंबीर असावी; भाकरी अर्धी, फार तर एक. कोंबडीच्या तळाशीं थाळींत जमलेला रस भाजीवर घातला तर भाकरी बुडवावयास रस्सा नाहीं ही तक्रारहि उरत नाहीं.

एक सूचना मात्र गंभीरपणें केली पाहिजे. जे रोगी इन्सुलिन टोंचून घेतात, किंवा रक्तांतील साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतात, त्यांनीं आपल्याच विचारानें एकाएकीं भाकरी-भात सोडूं नये. औषधाचें मान पूर्वीच्या आहारास धरून ठरलेलें असतें; अन्नांतील कर्बोदकें अचानक घटलीं आणि औषध तेवढेंच राहिलें, तर रक्तांतील साखर फाजील उतरते. घाम, कांपरें, डोळ्यांपुढें अंधारी, आणि पुढें बेशुद्धि. अशा वेळीं रोगी शुद्धीवर असेल तर त्यास ताबडतोब साखर किंवा गोड रसच द्यावा लागतो. म्हणून आहार बदलण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. ज्यांचीं मूत्रपिंडें अधू झालीं आहेत, त्यांनीं तर मांसाचें मानहि डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावें. मामांस आम्हीं प्रथम डॉक्टरांकडे पाठविलें, त्यांनीं गोळीचें मान थोडें बदलून दिलें, आणि मगच दुसरा प्रयोग झाला.

तो प्रयोग पुढच्या सुटींत झाला. या वेळीं मामींनीं तराजू जवळ घेऊन स्वतः पेरूचा गर तोलला आणि लेपाची वाटी आपल्या हाताखालीं ठेविली. आमच्यावर विश्वास टाकण्यास त्या अजून तयार नव्हत्या. मामांनीं अर्धी भाकरी मोडून बाजूस ठेविली, कोंबडीची तंगडी उचलली, दोन घांस खाल्ले आणि म्हणाले, "चांगली झाली आहे, पण लेप अंमळ कमी पडला." दोन तासांनीं मामींनीं यंत्र काढलें, आंकडा वाचला, आणि कांहीं न बोलतां तें पेटींत ठेवून दिलें. मामांची टीका बरोबर होती. कातडी जेथें फाटली होती तेथें लेप खालीं ओघळला होता. पुढच्या खेपेस आम्हीं त्याचें माप वाढविलें नाहीं. पेरूचा गर तेवढा थोडा कमी पिकल्या फळाचा घेतला, तो अधिक दाट निघाला व कोंबडीस घट्ट धरून राहिला.